फणसे मॅडमच्या महिरपी

फणसे मॅडम प्रोग्रॅम लिहायला बसल्या की आधी महिरपी कंस उघडायच्या, लगेच मिटवायच्या आणि मग त्या दोहोंमधल्या रिकाम्या जागेकडे बघत बसायच्या. खोपटच्या एस.टी. डेपोमागे आमचं लहानसं ऑफिस होतं. दुपारी गाडी मागे घेणाऱ्या कंडक्टरच्या शिट्ट्या वर यायच्या, पिवळं ऊन मॅडमच्या टेबलावरून सरकत राहायचं आणि मॅडम कुठेतरी लांब गेलेल्या असायच्या. नवीन माणसाला वाटायचं, बाईंचा डोळा लागलाय. मलाही वाटलं होतं. एकदा मी हळूच चहा ठेवायला गेले तर नजर न हलवता म्हणाल्या, "थांब गं, आत कोणीतरी आहे." आत म्हणजे त्या कंसांच्या आत, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं.

आम्ही एका रक्तपेढीचं काम केलं होतं. तिथे अनेक खिडक्यांवर एकाच वेळी नोंदी व्हायच्या. एकच पिशवी दोन रुग्णांच्या नावावर जाऊ नये म्हणून प्रोग्रॅममध्ये लॉक होतं. एकाने ते घेतलं की बाकीच्यांनी थांबायचं, त्याचं झालं की त्याने ते सोडायचं. पण हे सगळं अधूनमधून थिजायला लागलं. बाहेर नातेवाईक ताटकळलेले, आत संगणकाचा पडदा ढिम्म. कारण मॅडमनीच शोधलं. नोंदीत काही चुकलं की प्रोग्रॅम मध्येच मागे फिरायचा आणि लॉक सोडायच्या ओळीपर्यंत पोचायचाच नाही. "न्हाणीघरातला माणूस खिडकीतून निघून गेलाय," त्या म्हणाल्या, "आणि कडी आतून तशीच."

आमच्या ऑफिसचे साहेब म्हणाले, मागे फिरताना लॉक सोडायची तेवढी एक ओळ टाका आणि विषय संपवा. मॅडमना मात्र प्रत्येक लॉक कंसाला बांधायचं होतं. कंसाच्या आत लॉक सांभाळणारी एक वस्तू जन्माला घालायची. कंस संपला की तीही संपते आणि जाता जाता लॉक सोडून जाते, मग प्रोग्रॅम सरळ बाहेर पडो की धडपडत. साहेब वैतागले. इतक्या जागा कशाला बदलायच्या, प्रोग्रॅम लिहिणारी आपली मुलं लॉक सोडायची ओळ टाकतील की आठवणीने, असं त्यांचं म्हणणं.

"आठवणीवर नका ठेवू, साहेब," मॅडम म्हणाल्या. आवाज असा होता की साहेबांनी पुढे वाद घातला नाही.

मग मॅडमनी मला हाताशी घेतलं आणि आम्ही एकेक जागा बदलत गेलो. लॉक घेऊन विचार करत बसायचं नाही, हा त्यांचा धोशा. विचार बाहेर कर, आत जा, काम कर, नीघ. हे सांगणाऱ्या बाई स्वतः अख्खी दुपार विचारात घालवायच्या, पण त्यांना बोलायची माझी काय बिशाद.

ते काम संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी मॅडम ऑफिसच्या खाली उभ्या दिसल्या. कळव्याला, स्वतःच्या घरी कसं जायचं, ते त्यांना आठवत नव्हतं. मी रिक्षा केली आणि सोबत बसले. खाडीच्या पुलावर वारा लागला तशा त्या सावकाश बोलायला लागल्या. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्यांच्या आईचंही असंच झालेलं.

"म्हणून घाई करतेय गं," त्या म्हणाल्या. "कुठे काय सोडायचं राहिलंय, हे पुढे मला विचाराल आणि मला सांगता येणार नाही."

मला रडू आवरेना. त्या शांतपणे खाडीवरचं धूसर पाणी बघत होत्या.

काम पूर्ण झालं आणि त्यांनी नोकरी सोडली. मध्यंतरी मी कळव्याला गेले तेव्हा त्यांच्या यजमानांनी दार उघडलं. मॅडम गॅलरीत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. तरी मी सांगितलं की रक्तपेढीचं काम छान चाललंय, तेव्हापासून एकदाही अडकलं नाही. परक्या गावची बातमी ऐकावी तसं त्यांनी ऐकून घेतलं.

"तिथे कोणाला काही लक्षात ठेवावं लागतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, मॅडम."

"मग बरंय," त्या म्हणाल्या आणि जरा सरकून मला बसायला जागा करून दिली.