आत्याने ब्र काढला

माझी राजसबाई आत्या दुखलं तर सांगणाऱ्यातली नव्हे. एका मुंजीत तिच्या पायावर उकळतं सांबार सांडलं, तेव्हा तिने आधी विचारलं, "पंगतीला पुरेल कीं नाहीं?" याचं आमच्या तमिळ मुलखातल्या मराठी घराण्यात फार कौतुक. मला मात्र रागच यायचा.

गेल्या वर्षी तांबरमच्या एका धर्मादाय इस्पितळात तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. वॉर्ड गच्च भरलेला आणि नर्स एकटी विद्यालक्ष्मी. ती खाटेखाटेशी विचारी, "दुखतंय का?" जी कण्हे तिला औषध मिळे, जी 'नाही' म्हणे तिला सोडून ती पुढे धावे. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, तिथे तिचा काय दोष? आत्या दात-ओठ खाऊन 'नाही' म्हणायची.

शेजारच्या खाटेवर रंजनी, विशीतली पोर, अपेंडिक्स फुटून आलेली. तिची सासू सारखी आत्याकडे बोट दाखवी. "त्या पाट्टी बघ, एवढ्या म्हाताऱ्या आजी, पण ब्र काढत नाहीत!" मग रंजनीही 'नाही' म्हणे आणि लाकडासारखी पडून राही. डॉक्टर बजावून गेले, उठून बसली नाही, खोकली नाही, तर कफ साचून न्यूमोनिया होईल. संध्याकाळी तिला ताप भरला.

आत्याने मला जवळ बोलावलं. "अगे, मी गप पडले मणून ती पोर गप पडली."

"मग सांग ना दुखतंय म्हणून!" मी चिडले.

"जल्मात सांगितलं नाहीं गे. कसं सांगतात?"

तिने हे खरंच विचारलं होतं. मला रडूच फुटलं.

विद्यालक्ष्मी दाराशी दिसली तशी आत्याने खाटेचा दांडा धरला आणि गळा काढला, "सिस्टर! वलिक्कुदु! फार दुखतंय! सोसवत नाही!" अख्खा वॉर्ड वळून बघू लागला. मग ती सासूला म्हणाली, "मला दुखतंय, अम्मा. तुमच्या सुनेलाही दुखत असेल. विचारा की तिला."

सासूने विचारलंच नाही. पण रंजनी हुंदका देऊन म्हणाली, "वलिक्कुदु."

दोघींना औषध मिळालं. थोड्या वेळाने रंजनी पोटाशी उशी धरून बसली आणि खोकली. "अजून एकदा," आत्या पडल्या पडल्या हुकूम सोडत होती. दोन दिवसांत पोरीचा ताप उतरला.

परवा टी. नगरला एका लग्नात मानाजीकाकांनी सांबाराची गोष्ट पुन्हा रंगवून सांगितली. सगळे हसले.

"त्या दिवशी फार भाजलं होतं, मानाजी," आत्या म्हणाली. "कोणी विचारलं नाहीं."