चिनी आजींची सायकल

साठच्या दशकात मी जर्मनीत एर्लांगेनला डॉक्टरेट करत होतो. समोरच्या घरात चिनी आजी-आजोबा मुलाकडे राहायला आले होते. लहानपणी तिकडच्या जुन्या रिवाजाप्रमाणे करकचून बांधल्यामुळे आजींची पावलं मुठीएवढीच राहिली होती. चालताना भिंतीचा आधार लागे, पण मान ताठ असे. सत्तरीला टेकलेल्या या बाई रोज सकाळी अंगणात सायकल शिकत आणि आजोबा सीट धरून धापा टाकत मागे धावत.

एकदा त्या पडल्या. मी उठवायला धावलो. आम्हा दोघांचीही जर्मन मोडकीच.

"आजी, या वयात कशाला हे?" मी विचारलं.

त्यांनी विजारीची माती झटकली. "लढाईत गाव जळलं, तेव्हा मला पळता येईना. ह्यांनी मला पाठीवर घेऊन डोंगर ओलांडला. पुढे राज्य बदललं, घर गेलं, तेव्हाही ह्यांनीच उचललं. आता ह्यांना दम लागतो. आता पाळी माझी."

आजोबांनी हसून पुन्हा सीट धरली.

वसंतातल्या एका रविवारी घंटी ऐकून मी खिडकीत आलो. आजी भर रस्त्यातून सायकल चालवत होत्या आणि कॅरियरवर त्यांच्या कमरेला धरून आजोबा बसले होते. चौकात आडवी मोटार आली. आजींनी ब्रेक दाबला नाही. मोटारच थांबली.