मिसचे हात

नवऱ्याला हे माहीत नाही, मुलीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर हे तोंडातून बाहेर पडत नाही — दोनदा प्रयत्न करून पाहिलाय, दोन्ही वेळा चहाचं विचारून विषय बदलला.

मी कोथरूडला पियानो शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांना एक गोष्ट आधीच कानावर आलेली असते, की मॅडम मुलांवर कधी चिडत नाहीत. ते खरं आहे. नवीन मुलाला मी पहिले काही दिवस पियानो वाजवूच देत नाही. आधी सूर गुणगुणायला लावते. मग झाकण बंद ठेवून नुसत्या लाकडावर बोटं चालवायची. मग झाकण उघडायचं. चुकलं तर एवढंच म्हणायचं — ‘परत. घाई नाही.’ लोक याला माझी पद्धत म्हणतात.

ती माझी नाही. फिलोमिना मिसची आहे.

माझे वडील टाइपरायटर दुरुस्त करायचे. एकदा सुट्टीत मी त्यांच्याबरोबर कॅम्पात गेले होते, एका गोवेकर बाईंच्या घरी. त्यांच्या भावाचं यंत्र अडकलं होतं. वडील जमिनीवर बसून स्प्रिंगा काढत होते आणि मी आतल्या खोलीतल्या त्या काळ्या लाकडी अवजड वस्तूकडे बघत उभी होते. मिस म्हणाल्या, “बघते काय गो? बस.” त्या दिवसापासून माझं लग्न होईपर्यंत मी त्यांच्याकडे जात राहिले. आमच्या घरात तोवर कुणी पियानो पाहिलासुद्धा नव्हता.

त्या कशा शिकवायच्या? शेजारी बसायच्या. हातात एक लाकडी फूटपट्टी असायची — तिने वहीवर पाच-पाच रेघा आखून द्यायच्या, कारण तसल्या छापील वह्या महाग पडायच्या. कधी ती माझ्या मनगटाखाली आडवी धरायच्या, हात खाली पडू नये म्हणून. एवढंच. एकदा मला एक ओळ काही केल्या जमेना, मी रडायला लागले, तर त्या उठून आत गेल्या आणि पेरूची बर्फी घेऊन आल्या. म्हणाल्या, “बोटं दमली. खा आधी.”

त्यांनी मला कधी मारलं नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. हे वाक्य इथे नीट लिहून ठेवते.

लग्नानंतर मी कोथरूडला आले आणि शिकवण्या सुरू केल्या. फारसं कुणी येत नव्हतं. ज्यांना खरंच पियानो शिकायचा होता ते इतक्या लांबून कॅम्पात जायचे, मिसकडे. आमच्याच सोसायटीतली सायली जायची. फार छान कान होता त्या मुलीचा. एके दिवशी जिन्यात तिच्या आईने मला थांबवलं. “अहो, तुम्हीही त्याच मिसकडे शिकलात ना? बऱ्या आहेत ना?”

मी ‘हो’ म्हणू शकले असते. तोंडाशी आलंच होतं. पण मी म्हटलं, “शिकवतात उत्तमच. फक्त — फूटपट्टी असायची हो त्यांच्या हातात.” आणि माझ्या उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने जरा चोळली.

बघा, शब्द एकही खोटा नव्हता. खोटं त्या चोळण्यात होतं.

“अगं बाई,” सायलीची आई म्हणाली. पुढच्या आठवड्यापासून सायली माझ्याकडे यायला लागली.

तिथेच थांबायचं होतं का? थांबता आलं असतं. पण दुसऱ्या आईने विचारलं तेव्हा मी तेच सांगितलं, जरा वाढवून. तिसऱ्या वेळी थंडीत बोटांची पेरं अजून दुखतात असंही म्हटलं. लोकांना ते आवडायचं — मार खाल्लेली विद्यार्थिनी, आता मुलांना मायेने शिकवते. कुठल्याशा पुरवणीत माझ्यावर लेख आला, त्यातही हेच होतं. पुढे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, तो हिंजवडीला नोकरी करतो, मला वेबसाइट करून दिली. त्यावर माझी ओळख आहे, ‘धाकाच्या वातावरणात शिकल्यामुळे मॅडमना प्रेमाचं मोल कळलं’. मी ते वाचून मंजूर केलं. एक शुद्धलेखनाची चूक दाखवली, तेवढीच.

मिसकडची मुलं कमी होत गेली. मला कळत होतं. त्यातली काही माझ्याकडेच येत होती — कसं कळणार नाही? दर नाताळाला मी केक खायला त्यांच्याकडे जायचे. पियानोवर इस्त्रीचे कपडे ठेवलेले असायचे. मी ते पाहायचे आणि केकचं कौतुक करायचे.

मग त्यांची स्मरणशक्ती उणावायला लागली. भाची लोर्ना त्यांच्यासोबत राहायला आली. एका दुपारी तिचा फोन आला, आंटी तुमचं नाव घेतेय, येऊन जाता का.

मी गेले. मिस खिडकीशी खुर्चीत होत्या. मला ओळखलं. लोर्ना चहा ठेवायला आत गेली तशी त्यांनी मला जवळ बोलावलं.

“मी तुला मारायची का गो?”

मी लोर्ना गेली त्या दाराकडे पाहिलं.

“माझ्या डोक्यात काय राहत नाही आता. पण लोक बोलतात. पेपरात पण आलं होतं, लोर्नाने वाचून दाखवलं. तू सांगितलं म्हणून आलं, ना? मग खरंच असेल. तू खोटं कशाला बोलणार?”

तेव्हा वेळ होती. लोर्ना आत होती, खोलीत आम्ही दोघीच. एक शब्द पुरला असता — नाही. ‘नाही मिस, कधीच नाही.’ तुम्ही म्हणाल, जीभ अडखळली असेल, घाबरले असेन. तसं काही झालं नाही. मला अगदी स्वच्छ दिसत होतं, नाही म्हटलं तर त्या पुढे काय विचारतील. ‘मग तू असं का सांगितलंस?’

मी म्हटलं, “जाऊ द्या मिस. जुन्या गोष्टी.”

त्यांनी माझा हात ओढून मांडीवर घेतला. एकेक बोट धरून दाबत गेल्या, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. “सॉरी हां बाय. लहान होती तू. मी चर्चमध्ये फादरला पण सांगितलं, लहान पोरांना मारलं म्हणून. तू पण माफ कर.”

“केलं, मिस,” मी म्हटलं.

त्यांना बरं वाटलेलं दिसलं. लोर्नाने चहा आणला. मी तो प्यायले, बिस्किटंही खाल्ली. रिक्षाने घरी आले, संध्याकाळची मुलं यायची होती. शिकवलं. त्या दिवशी मला रडू आलं असं सांगितलं तर तुम्हाला मी जरा बरी वाटेन. नाही आलं. नंतरही नाही.

काही महिन्यांनी मिस गेल्या. दफनविधीनंतर मी लोर्नाला भेटायला घरी गेले. बोलायला तिच्याजवळ कुणी नव्हतं, ती बोलत राहिली. म्हणाली, शेवटी शेवटी आंटीला एक विचित्र सवय लागली होती. इमारतीतली लहान मुलं यायची घरात, आंटीला ती फार आवडायची. पण मूल जवळ आलं की ती दोन्ही हात पाठीमागे नेऊन खुर्चीला दाबून धरायची. मुलं गेल्याशिवाय पुढे आणायची नाही. एकदा एक चिमुरडी मांडीवर चढायला बघत होती, तर आंटी ओरडली — हिला घे, हिला लवकर घे, माझा भरवसा नाही.

“असं का करायची, काही कळलं नाही,” लोर्ना म्हणाली. “तुम्हाला काही माहितीये?”

मी ‘नाही’ म्हटलं आणि चपला घालून खाली आले.