दादाची गाडी घाटमाथ्यावर थांबली

देवावर माझा विश्वास होता, पण हातातल्या पान्यावर जरा जास्त होता, हे आधीच कबूल करून टाकतो. वाशिंदच्या एका कारखान्यात मी वीस-बावीस वर्षं फिटर आहे. बंद पडलेलं मशीन चालू करणं हेच माझं पोटापाण्याचं काम. घरात देवपूजा होते, सणवार होतात, मी हातही जोडतो. पण जोडताना मनात असं असायचं की, देवीआई, तू तुझं बघ, मी माझं बघतो. आमची कुलस्वामिनी माळशेज घाटापलीकडे आहे. लग्नानंतर जोडीनं जाऊन आलो, त्यानंतर तिकडे फिरकलोही नव्हतो. हा गर्व उतरला कसा आणि उतरूनही थोडा शिल्लक राहिला कसा, ते सांगायला बसलो आहे.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले. खर्डीजवळची आमची भातशेती सांभाळून त्यानंच मला आयटीआयला घातलं. अडीच वर्षांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण डावा हात-पाय लुळा पडला आणि बोलणं जड झालं. डॉक्टर म्हणाले, चालणं हेच औषध. पण दादा स्वतःच्या पायावरच रुसला. पडवीतल्या खाटेवर बसून राहायचा. मोरीपर्यंत जायचं तरी एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं वहिनी, अशी काखेत धरून आमची वरात निघायची. अंगणाबाहेर त्यानं पाऊल टाकलं नाही, कुणाच्या लग्नाला नाही की मयताला नाही. वहिनी एकदा तांदूळ निवडता निवडता मला म्हणाल्या, "भावजी, हा मानूस आता खाटंवरच सरायचा." त्या रडल्या नाहीत, हात चालूच होते त्यांचे. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मी म्हटलं, "दादा, देवीला जाऊन येऊ. गाडी करतो, दारातून दारात." त्यानं मान हलवली. मी चार दिवस मागे लागलो, तेव्हा कंटाळून त्यानं उजव्या हाताचं बोट गोठ्याकडे केलं. "तिच्यावरून नेशील तर येतो."

ती म्हणजे त्याची मोटरसायकल. दादानं आयुष्यात एकच चैन केली होती, कल्याणहून आणलेली ही जुनी लाल स्पोर्ट बाईक. पुढे वाकून बसायचं, भली मोठी टाकी, पुढून फायबरचं टोकदार तोंड. तशी दुसरी गाडी तेव्हा खर्डीत नव्हती. पुढे संसार वाढला, गाडी गोठ्यात गेली आणि तेरा पावसाळे पेंढ्याखाली राहिली. सीटवर कोंबड्या अंडी घालत, एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी संसार मांडलेला. दादाचं ते बोलणं म्हणजे नाही म्हणायचीच रीत होती. पण मी ते धरून बसलो. माणसाला उठवणं माझ्या हातात नव्हतं, यंत्राला उठवणं होतं.

दुसऱ्या रविवारी मी ती ओढून पडवीत आणली, दादाच्या खाटेसमोर. पिस्टन गंजून सिलिंडरला चिकटला होता, म्हणून आत डिझेल आणि ऑइल ओतून आठवडाभर तसाच ठेवला. रोज कामावरून आल्यावर एक हलकी टिचकी मारायची, जबरदस्ती करायची नाही. नवव्या दिवशी तो केसभर सरकला, तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो. टाकीत चिंचेचं पाणी आणि मूठभर जुने नट घालून ती इतकी हलवली की खांदे भरून आले, पण आतला गंज लाल चिखलासारखा बाहेर पडला. कार्बोरेटरची भोकं तांब्याच्या तारेनं साफ केली. फायबर जिथं फुटलं होतं तिथं तापल्या तारेचे टाके घालून, घासून, असं केलं की टाका सापडू नये. पुढच्या ब्रेकचा पाइप तेवढा जुनाच ठेवला. वरून चांगला दिसत होता, मूळचा होता, आणि मी तो पुसून असा चकचकीत केला की मलाच त्याचं कौतुक वाटलं.

दादा आधी नुसता बघायचा. मग एक दिवस मी "बारा नंबर कुठं गेला" म्हणून चाचपडत होतो, तर त्यानं खाटेवरून उजव्या हातानं पाना पुढे केला. त्यानंतर पाने त्याच्याकडेच. मी चुकीचं मागितलं तर म्हणायचा, "बारा नाय रे, चौदा." दोन वर्षांत त्यानं कुणाची चूक काढली नव्हती, आता माझी काढायला लागला. मला फार बरं वाटलं.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडतात. कोयते, विळे, माझे पाने, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. त्या दिवशी हत्यार हातात घ्यायचं नाही. टाकी नुकतीच रंगवून मी ओट्यावर वाळत ठेवली होती. गाडीचा सांगाडा पडवीत होता. पूजा आमच्या आईनं केली. तिचं वय झालंय, नजर अधू आहे, पण खंडेनवमीची पूजा ती दुसऱ्या कुणाला करू देत नाही. मी तेव्हा झेंडू आणायला स्टेशनकडे गेलो होतो. परत आलो तेव्हा टाकीवर कुंकवाची बोटं उठलेली, तेवढ्यावरूनही माझा जीव वर-खाली झाला, कारण रंग ओला होता.

दिवाळीनंतर ती चालू झाली. चौदाव्या किकला. आवाज ऐकून अर्धी वाडी अंगणात जमली आणि मी असा उभा होतो जणू इंजिनाचा शोध मीच लावलाय. दादाकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "आता शब्द पाळ." त्यानं उजव्या हातानं डोळे पुसले. मग म्हणाला, "कवा निघायचं?"

मार्गशीर्षात निघालो. वहिनींनी पुष्कळ विरोध केला, शेवटी त्यांनीच आपल्या सुती साडीचा पट्टा करून दादाला माझ्या कमरेशी बांधलं. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. शहापूर, किन्हवली, सरळगाव करत हळूहळू घाट चढलो. गाडीनं कुठं कुरकुर केली नाही. देवळात दादाला मी आणि तिथल्या एका माणसानं उचलूनच पायऱ्या चढवल्या. देवीपुढे उभा राहिलो, तर मनात नमस्काराआधी हेच आलं: बघ आई, मी आणला त्याला. मागायचं काही सुचलंच नाही. परतीला टाकी काठोकाठ भरून घेतली.

घाटमाथ्यावर, जिथून उतार सुरू होतो तिथं, गाडीनं आचका दिला आणि बंद पडली. किक मारली, चालू झाली, वीस पावलांवर पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच. माझं डोकं फिरलं. चार महिने खपलो ते काय असं रस्त्यात उभं राहायला? पट्टा सोडून दादाला दगडी कठड्यावर टेकवलं आणि प्लग काढून बसलो. देवीलाही दोन शब्द सुनावले, खोटं कशाला बोलू. दर्शनाहून परतताना तरी एवढी लाज राखायची होती, असं काहीसं.

कडेला एक ठाकर बाई पेरूची पाटी घेऊन जमिनीवर बसली होती. ती म्हणाली, "भाऊ, तुमच्या चाकाला तेल गलतंय."

"पाणी असंल, मावशी," मी मान वर न करता म्हटलं.

ती उठली, चाकावर बोट फिरवलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. ब्रेक ऑइल होतं. माझ्या त्या चकचकीत पाइपाला आतून फुगा येऊन तो खालच्या बाजूला, फायबरच्या आड, फाटला होता. उभ्या माणसाला दिसण्यातली जागाच नव्हती ती. मी पुढचा ब्रेक दाबला, तर तो सरळ मुठीला येऊन टेकला. समोर माळशेजचा उतार, खाली वळणावर वळणं, वर चढणारे ट्रक. मागचा ब्रेक ड्रमचा, दोन माणसांचं वजन त्यावर कितीसं पेलणार. आणि भाऊ माझ्या पाठीला बांधलेला असणार होता. मी तिथंच रस्त्यावर बसलो.

त्या बाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती दादाला म्हणाली, "तू कशाला उनात बसलास? ये हिकडं झाडाखाली." तो आजारी आहे हे तिला माहीत नव्हतं, त्यामुळे हात धरायला ती गेली नाही. पाठ फिरवून आपल्या पाटीकडे चालू लागली. आणि दादा उठला. कठड्याला हात टेकत, डावा पाय ओढत, तिच्या मागे चालत गेला. तीसएक पावलं असतील. मी धावणार होतो, पण पायांत बळच नव्हतं, आणि तेच बरं झालं. मी धरलं असतं तर तो पुन्हा लुळा झाला असता. झाडाखाली पोचून तो बसला, बाईनं पेरू कापून दिला, त्यानं खाल्ला. मी रस्त्यावर बसून ढसाढसा रडत होतो आणि दादा लांबून विचारत होता, "काय रे, काय झालं तुला?"

थोड्या वेळानं भाजीचा एक पिकअप थांबला. ड्रायव्हर कसाऱ्याला चाललेला, म्हणजे आमच्या दारावरूनच. पोती सरकवून त्यानं आमची मोटरसायकल मागे चढवली, दादाला पुढे बसवलं. घरी पोचल्यावर चहाशिवाय काही घेतलं नाही त्यानं.

दुसऱ्या दिवशी बादलीवर गोणपाट टाकून टाकी उपडी केली. पेट्रोलबरोबर तांदळाचे पाच दाणे पडले, कुंकवानं अजून गुलाबी असलेले. त्यातलाच एखादा टाकीखालच्या कॉकच्या तोंडाशी बसायचा, पेट्रोल अडवायचा, गाडी थांबली की सुटायचा. पंपावर टाकी भरताना धारेनं ते तळातून उठले असणार, हे मी फिटर म्हणून सांगू शकतो. पण ते नेमके उतार सुरू होण्याआधीच का आडवे आले, हे मला सांगता येत नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मीच वाह्यल्या अक्षता. तिचं तोंड उघडं होतं, रिकामं कसं ठेवायचं?" एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मुकाट्यानं तिच्या पायाशी बसलो.

पाइप नवा घातला. महिन्याभरानं पुन्हा घाटावर गेलो, ती बाई तिथंच होती. पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेत म्हणाली, "मी काय केलं? दिसलं म्हून सांगितलं." तिच्या त्या वाक्यानं मला जे शिकवलं ते इतक्या वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. आपल्याला जे दिसतं ते सांगावं, जे जमतं ते करावं आणि बाजूला व्हावं. पुढचं ज्याच्या हातात आहे त्याच्या हातात असू द्यावं. मी आता देवीला "तू तुझं बघ" असं म्हणत नाही. नट आवळायचा तेवढा नीट आवळतो आणि वर तिचं नाव घेतो.

दादा आता रोज सकाळी एकटाच काठी टेकत गावदेवीपर्यंत जातो. परवा त्याला मागे बसवून खर्डी स्टेशनला गेलो होतो. एक अनोळखी गृहस्थ गाडीभोवती फिरले, टाकीवरून हात फिरवला आणि विचारलं, "कुणी केली ही?" मी मोठ्या नम्रपणे म्हणणार होतो की, देवीनं केली. वाक्य तयारही होतं. पण दादा मागून, शब्द न शब्द सुटा करत, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्या भावानं." माझी छाती अशी काही फुगली की नम्रपणा कुठल्या कुठे गेला. देवी एवढं माफ करेल.