डाव्या पायाची सोयरीक

दाजी आमच्या घरात आले ते त्यांच्या डाव्या पायामुळे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याविषयी लिहायचं असं मी अनेकदा ठरवलं आणि दर वेळी दोन ओळी लिहून कागद बाजूला ठेवला. त्यांच्याविषयी लिहायचं तर आधी फुटबॉलविषयी लिहावं लागतं, आणि फुटबॉलविषयी लिहायला बसलं की मला आमच्या पेठेचा राग येतो. त्या पेठेवर माझा अजूनही जीव आहे, म्हणून हात थांबतो.

संस्थान विलीन झालं त्याच्या आगेमागेची ही हकीकत. कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम, आणि बहुतेक तालमींचा फुटबॉलचा संघ. सकाळी हौद्यात, म्हणजे तालमीच्या आखाड्यात, कुस्ती, संध्याकाळी मैदानात चेंडू. ज्या पेठेत माणसाची चूल, त्या पेठेचा तो खेळाडू. हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. मोसम सुरू होण्याआधी सगळे खेळाडू तालमीत जमत, मारुतीपुढे नारळ फुटे, आणि वस्ताद हौद्यातली तांबडी माती चिमटीत घेऊन एकेकाच्या कपाळाला लावत. माती लागली की माणूस त्या तालमीचा झाला.

चैत्रात मोसम संपे. वैशाखात, ऊन उतरल्यावर, तालमीच्या कट्ट्यावर पुढच्या वर्षाचा संघ बांधायला मंडळी बसत. आमचे आबा कचेरीत कारकून होते, आयुष्यात त्यांनी चेंडूला पाय लावला नव्हता, पण त्या कट्ट्यावर त्यांची जागा ठरलेली होती. मी कॉलेजात जाऊ लागल्यावर मलाही बसायला मिळू लागलं. बोलायला नव्हे.

आमच्या संघाचं दुखणं सगळ्यांना ठाऊक होतं. उजवी बाजू अशी की बघत राहावं. तिथली तीन पोरं एकाच बोळातली, एकाच विहिरीत पोहायला शिकलेली. एकानं न बघता चेंडू ढकलावा आणि दुसरा नेमका तिथं असावा. डाव्या बाजूला मात्र कुणी नव्हतं. लेफ्ट आउट म्हणून दर वर्षी कुणाला तरी उभं करायचं आणि तो डाव्या रेषेवरून हळूहळू मधे सरकत यायचा, कारण डावा पायच चालत नसे.

"डावं पाऊल नदीकडच्या पेठेत हाय," वस्ताद एका संध्याकाळी म्हणाले. "पोरगं बसून हाय तिथं. त्यांच्या वस्तादाचा भाचा लेफ्ट आउट खेळतोय, याला कोण विचारतंय?"

"पण ते पेठ सोडून यील व्हय?"

"पेठ सुटायला काय लागतंय? चूल हलली की पेठ सुटली."

"आन् चूल कशी हलवायची वस्ताद? डोक्यावर घिऊन?"

हशा झाला. मग कुणीतरी आबांकडे बघून म्हणालं, "आबा, पोरगं तुमच्या पाव्हण्यांतच बसतंय की."

आबा हसले नाहीत. पानाचा देठ खुडत बसले. आमच्याकडे लग्नसराई आणि खेळाडूंची ओढाओढ एकाच महिन्यात येत असे; त्या वर्षी दोन्ही एकाच दारात आली. मुलगा निर्व्यसनी, बाप नाही, फक्त आई. वस्तादांनी वर्कशॉपमध्ये लेथवर त्याला काम बघून दिलं, आमच्या बोळात समोरचीच खोली मिळाली. मुलगी बघायला आले तेव्हा ते आमच्या पुढच्या सोप्यात मान खाली घालून बसले होते. आईनं विचारलं, "आणखी काय आवड?" तर म्हणाले, "खेळायला मिळालं म्हणजे झालं." त्यात मागणं नव्हतं. दोन वर्षं मैदानाच्या कडेला बसलेल्या माणसाचं ते साधं उत्तर होतं.

आक्काला कुणी विचारलं असं मला आठवत नाही. तिनं मला एकदाच विचारलं, "खेळतात कसे रे?" मी त्यांना पाहिलेलं होतं, एका सरावात. सांगितलं, "रेषेवरून पळतात, आणि चेंडू पायाला बांधल्यासारखा." ती म्हणाली, "मग ठीक आहे."

लग्न झालं. त्यांच्या पेठेतून आई आणि मामा, एवढीच माणसं आली. मोसमाच्या आधी आमच्या हौद्यातली माती त्यांच्या कपाळाला लागली. दुसऱ्या दिवशी तिकडच्या वस्तादांचा निरोप आला : आता इकडं पाऊल टाकायचं न्हाय. दाजींनी तो ऐकून घेतला. आई तिकडंच राहिली होती; तिला भेटायचं ते अंबाबाईच्या देवळात, शुक्रवारी. ते देऊळ कुठल्याच पेठेचं नव्हतं. मायलेक गरुडमंडपाच्या खांबाशी बसत, तिनं डब्यातून काहीतरी आणलेलं असे, आणि आरती झाली की दोघं दोन दरवाजांनी जात.

पेठेनं त्यांचं कौतुक मात्र फार केलं. रोज पहाटे तालमीतून दुधाचा तांब्या येई. गवळ्याच्या म्हशीची धार थेट तांब्यात, वर फेस तसाच. कुणीतरी तरुण पैलवान तो दारात ठेवून हाक मारी, "दाजी, खुराक." माझे दाजी सगळ्या पेठेचे दाजी झाले होते. आक्का तो तांब्या घ्यायला पदर सावरत बाहेर यायची, आणि तिच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान असायचा. मला तो दिसायचा.

मैदानाला लागून आमच्या मावशीचं घर होतं. बायका सामना बघायच्या त्या तिच्या गच्चीवरून. पहिल्या सामन्याला मी आक्काला सोडायला वर गेलो आणि तिथंच थांबलो. दाजी डाव्या रेषेवर उभे होते. अनवाणी, घोट्याला पट्टी, हात किंचित पुढे. चेंडू उजवीकडे होता. तिथले तिघे नेहमीसारखे सुरेख खेळत होते. चेंडू मधे आला आणि परत उजवीकडे गेला. पुन्हा मधे आला, पुन्हा उजवीकडे. दाजी रेषेवरून पळत पुढे जायचे, थांबायचे, मागे यायचे.

अर्धा वेळ झाला तेव्हा आक्का म्हणाली, "त्यांच्याकडं चेंडू कुणी देतंय का बघ."

मी बघितलं. ती म्हणत होती ते खरं होतं. कुणी मुद्दाम टाळत नव्हतं. इतकी वर्षं डावीकडे कुणी नव्हतंच, म्हणून आमच्या पोरांचे डोळे तिकडे वळायचेच नाहीत. त्यांचे पाय डाव्या बाजूवाचून खेळायला शिकले होते. आपण त्या रिकाम्या जागी माणूस आणून उभा केला, आणि जागा रिकामी असल्यासारखेच खेळत राहिलो.

मी पुढे आयुष्यभर फुटबॉल बघितला, संघ बांधणारी माणसंही बघितली. उन्हाळा आला की कुणाला आणायचं, कुणाला सोडायचं याची तीच चर्चा. मला त्या गच्चीवरची दुपार आठवते. माणूस आणणं सोपं असतं. बाकीच्या दहांनी त्याच्याकडे बघायला शिकणं, याला एक उन्हाळा पुरत नाही, आणि कट्ट्यावर त्याची वाट बघायला कुणी तयार नसतं.

मी त्या रात्री जेवताना आबांना हे सांगितलं. आबा म्हणाले, "पुस्तकं वाचतोस ते ठीक आहे. खेळातलं वस्तादांना कळतं." आणि भाकरी मोडून घेतली.

दाजींनी तक्रार केली नाही. सरावात ते उजवीकडच्या पोरांना म्हणायचे, "एकदा इकडं टाकून बघा की." पोरं व्हय म्हणायची. सामन्यात पुन्हा तेच. पहिला मोसम असा गेला. दुसऱ्या मोसमात एक-दोनदा चेंडू आला, त्यांनी तो रेषेवरून नेऊन मधे दिला आणि गोल झाला; त्या रात्री बोळात साखर वाटली गेली. मग नदीकडच्या पेठेशी सामना आला.

त्या दिवशी मी खाली, आमच्या लोकांत उभा होतो. समोरच्या बाजूला त्यांची पेठ. दाजी मैदानात उतरले आणि तिकडून आरोळी आली :

"जावई आलं रं! पाट मांडा की!"

"पाट कशाला, ताटच वाढा. लेफ्ट आउटला चेंडू कोण देत न्हाय, जेवाय तर द्या."

दोन्ही बाजूंचे लोक हसले. आमचेही हसले, कारण टोमणा चांगला होता. दाजी हसल्यासारखं करून घोट्याची पट्टी बांधत राहिले. त्या गर्दीत त्यांच्याबरोबर लहानाची मोठी झालेली पोरं होती.

शेवटाकडे, बरोबरी असताना, चेंडू एकदाचा डावीकडे आला. समोर एकटा गोलकीपर. दाजींनी मारला आणि तो खांबाच्या बाहेरून गेला. मग आमच्यातूनच, माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "आईच्या पेठेवर पाय उचलंल व्हय त्यो?"

तेवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत पेठेत सगळ्यांना खात्री होती की त्यांनी मुद्दाम बाहेर मारला. आक्कानं घरी त्यांना विचारलं नाही, मीच विचारलं. ते पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात सोडून बसले होते. म्हणाले, "चेंडू उजव्या पायावर आला. डाव्यावर आला असता तर जाळीत होता." मग म्हणाले, "डाव्या पायाच्या माणसाला चेंडू कसा द्यायचा, त्यांना म्हाईत न्हाय. त्यांची चूक न्हाय ती."

दुसऱ्या दिवशी पहाटे दुधाचा तांब्या आला नाही. आक्का नेहमीच्या वेळी दारात आली, बोळात बघत उभी राहिली आणि आत गेली. तिसऱ्या दिवशीही ती आली. त्यानंतर आली नाही. त्या वैशाखात कट्ट्यावर दुसऱ्या लेफ्ट आउटचं नाव निघालं. पलीकडच्या गल्लीतल्या एका बापाची मुलगी उपवर होती. आबा त्या दिवसापासून कट्ट्यावर जायचे बंद झाले. ते संध्याकाळी सोप्यात बसून राहायचे, आणि समोरच्या खोलीतून दाजी बाहेर आले की त्यांना आत बोलावून चहा करायला सांगायचे.

दाजींना परत त्यांच्या पेठेत खेळता येईल का, हे विचारायला आक्का एका शुक्रवारी स्वतः देवळात गेली. सासूबाईंनी आपल्या वस्तादांना विचारलं. पुढच्या शुक्रवारी उत्तर आलं : एकदा दुसऱ्या हौद्याची माती कपाळाला लागली, आता ती कशी पुसायची? आक्का मला हे सांगताना म्हणाली, "कपाळ रोज धुतात रे ते."

मग काही वर्षं अशीच गेली. दाजी लेथवर काम करत, वेळेवर घरी येत. सामना असला की मैदानावर जात. तिथं एका टोकाला आमची पेठ बसे, समोर त्यांची. दाजी दोन्हीकडे बसत नसत. सायकली लावायच्या जागेजवळ एक चिंच होती, तिच्याखाली उभं राहून ते बघायचे. मी कधी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो तर मला खेळ समजावून द्यायचे. "त्यो बघ, मोकळा हाय. त्याला कोण बघतंय का बघ." नेहमी तेच एक बघायचे ते, मोकळा कोण आहे.

मग त्यांना कावीळ झाली. झाडपाला झाला, दवाखाना झाला. डोळे पिवळे झाले तरी कामावर जायचा हट्ट होता. माघात एका दुपारी ते गेले. आक्का त्यांच्या पायाशी बसून होती. उजव्या नाही, डाव्या पायावर हात ठेवून. मी ते बघितलं आणि बाहेर आलो.

आमच्या पेठेची माणसं आली. तेवढं ती करतात; कुणाच्या दुःखाला पेठ मागे राहात नाही. आमच्याकडे खेळाडू गेला की त्याची तिरडी त्याच्या तालमीच्या दारात क्षणभर खाली ठेवतात. आमच्या तालमीच्या दारात ती ठेवली, वस्तादांनी हार घातला. स्मशान नदीवर, आणि नदीवर जायचं तर वाट त्यांच्या पेठेतूनच जाते. निघताना आक्का दारात येऊन मला म्हणाली, "तिकडच्या तालमीपाशीही थांबा."

खांदा देणाऱ्यांत कुरकुर झाली. "तिथं कशाला? ते काय दार उघडत्यात व्हय?" आबा पुढे चालत होते. ते मागे न वळता म्हणाले, "थांबायचं आहे."

इतक्या वर्षांनी दाजी आपल्या पेठेत आले. तिकडच्या तालमीच्या दाराला कुलूप होतं. त्यात राग नव्हता. त्या दिवशी त्यांचा सामना होता आणि सगळी पेठ मैदानावर गेली होती. रस्ता रिकामा होता. आम्ही तिरडी बंद दारासमोर ठेवली. दाजींची आई सकाळपासून आमच्याकडेच होती आणि तिरडीमागून तिथवर चालत आली होती. ती पुढे झाली, दाराच्या उंबऱ्याच्या फटीत साचलेली थोडी माती तिनं नखानं उकरली. तांबडी होती, वर्षानुवर्षं पोरांच्या पायाला लागून बाहेर आलेली. ती तिनं लेकाच्या कपाळाला लावली. कुणी तिला अडवलं नाही. आमचे वस्ताद दुसरीकडे बघत होते.

घरी परतलो तेव्हा अंधारलं होतं. आक्का समोरच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती.

"थांबलात?"

"थांबलो."

"दार उघडं होतं?"

"नव्हतं. सगळे सामन्याला गेले होते." मग मी तिला मातीचं सांगितलं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "कुठला सामना होता?"

मी सांगितलं.

"त्यांनी बघितला असता," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच रडली.