मी खोटं बोलले नव्हते

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. बाबा पांढुर्ण्यात संत्र्यासाठी लाकडी पेट्या ठोकायचे. त्या ठोकाठोकीत मी बी.ए. केलं, एम.ए. केलं आणि आता नागपुरात तर्कशास्त्रात पीएच.डी. करते आहे.

या शिक्षणापायी बाबांची बहीण तुटली. आत्या बोरगावची. आमच्याकडे भावाची मुलगी सून म्हणून मागायचा बहिणीचा मान असतो. तिने मला तिच्या मुलासाठी मागितलं. बाबा म्हणाले, "पोरगी शिकून राहिली, आत्ता नाई." आत्या भरल्या ताटावरून उठली. तेव्हापासून बोलणं बंद.

माझा विषय बाबांना समजून घ्यायचा असायचा. मी सांगायची, सत्य म्हणजे काय ते आम्ही विचारत नाही. कोणत्या नियमाने कशावरून काय सिद्ध होतं, तेवढंच पाहतो. वाक्य सिद्ध झालं, तर ते खरं आहे असं म्हणता यावं, आणि ते खरं आहे हे सिद्ध झालं, तर वाक्य परत मिळावं. इतकं साधं. पण 'मी खरं नाही' असं स्वतःबद्दलच म्हणणारं एक वाक्य आलं, की नेहमीच्या तर्कात सगळी मांडणी कोसळते. म्हणून आम्ही तर्कच थोडा सैल करतो. प्रत्येक वाक्य खरं किंवा त्याचा नकार खरा, हा हट्ट सोडतो.

"म्हंजे हो बी नाई अन् नाई बी नाई?" बाबा दातांत धरलेला खिळा काढून म्हणाले. "हे तर तुया आत्यावानी झालं. भांडत बी नाई, बोलत बी नाई."

गेल्या श्रावणात त्यांना नागपूरला दाखवलं. पोटात गाठ, पसरलेली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दोन-तीन महिने. आईला फोन केला तर ती रडत म्हणाली, "त्यायले सांगू नको वं. ऐकल्याबरोबर हातपाय गाळतीन ते." मी नाही सांगणार म्हटलं. आमच्याकडे हेच चालतं. घरभर माहीत असतं, ज्याचं दुखणं त्यालाच नसतं.

परतीला सौंसरवरून पांढुर्ण्याला जाणारी बस. बोरगाव जवळ आलं तसे बाबा सरळ बसले.

"बाई, खऱ्याखोट्याचा अभ्यास तुया हाये, म्हून तुलेच इचारतो. दुखणं जास्त असन तर सांग. इथंच उतरतो, बहिणीले भेटून घेतो."

मी खोटं बोलणार नव्हते, आणि आईला शब्द दिला होता. म्हणून म्हटलं, "मी कुठं म्हटलं बाबा, जास्त हाये म्हून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. "मंग भाऊबीजेले येऊ. लुगडं घिऊन. रिकाम्या हातानं कायले जा?"

बस थांबली. दोन बाया पिशव्या सांभाळत उतरल्या. कंडक्टरने दार ओढलं.

माझ्या वहीत ते उत्तर बसत होतं. मी 'जास्त नाही' असं म्हटलंच नव्हतं. न म्हणण्यावरून नकार सिद्ध होत नाही. पण बाबांनी निष्कर्ष काढला, आणि तो त्यांचा हक्क होता. त्यांचा नियम साधा होता: वाईट असेल तर पोरगी सांगेल. तो नियम मला ठाऊक होता. मी त्याच्यावरच भरवसा ठेवून बोलले होते.

दसऱ्याच्या आधीच बाबा गेले.

आत्या तिसऱ्या दिवशी आली. भिंतीला टेकून बसली. मग मला जवळ बोलावलं.

"त्याले मालूम होतं?"

"नाई."

"तुले?"

"होतं."

मला वाटलं, आता शिव्या देईल. मला त्या हव्याच होत्या. बसमधलं सगळं मी तिला सांगितलं, बोरगावला बस थांबली होती तेही.

तिने पदर बोटाला गुंडाळला. "त्या दिशी मी घरीच होती वं," एवढंच म्हणाली, आणि आईजवळ जाऊन बसली.