बिनकामाच्या चकरा

आमच्या जालन्यातल्या बियाण्याच्या प्लांटात दाणे निवडायचं नवं मशीन आलं, अन् ते बसवायला इटलीहून मार्को आल्ता. मशीन दोन महिन्यांत चालू झालं, मार्को गेला. त्याचे किस्से मात्र बंद होईनात! टपरीवर कुणी नुसतं "मार्को" म्हणलं की सगळ्यांचा चहा थंड होतो. मी स्टोअर सांभाळतो, त्यामुळं प्लांटातली सगळी बडबड माझ्याच काउंटरवर येऊन पडते. त्याचं इंग्लिश अन् आमचं इंग्लिश सारखंच तुटकं, म्हणून बोलणं बराबर जमायचं. ऐका मंग.

*

पहिल्याच दिवशी पाचच्या ठोक्याला मार्कोनं पाना खाली ठेवला अन् हात धुवायला निघाला. आमचे सुपरवायझर जाधव साहेब धावतच आले.

"अरे, चारच नट राह्यले! ओन्ली फोर!"

मार्को हसून म्हणला, "उद्या पण चारच असतील."

दुसऱ्या दिवशी टपरीवर साहेब तणतणत होते, "कामचुकार लोक! आपल्यात पाहा, माणूस आठ-आठपर्यंत राबतो!" तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते, अन् साहेब अडीचपासून तिथंच बसलेले होते.

*

आमचा ऑपरेटर भगवान भोकरदनचा. वय तेहतीस. पोरगा बिलकुल सोन्यासारखा, घरी शेती, पण सरकारी नोकरी न्हाई अन् पुण्यात फ्लॅट न्हाई. आठ स्थळं आली तशी गेली. त्यानं एकदा मार्कोला विचारलं, "पाचनंतर तुमच्याकडची पोरं करतात तरी काय?"

"आंघोळ. चांगला शर्ट. सेंट. मंग गावातल्या मोठ्या रस्त्यानं चकरा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, अन् परत."

"काही आणायचं असतं का?"

"न्हाई."

"कुणाकडं काम?"

"न्हाई."

"मंग घरचे ओरडत न्हाईत?"

"घरचेपण तिथंच चकरा मारत असतात!"

अन् मार्कोनं सांगितलं, त्याच्या बापानं त्याच्या आईला पहिल्यांदा पाहिलं ते अशाच एका चकरेत.

भगवान म्हणला, "अन् आम्ही इकडं बायोडाट्याच्या झेरॉक्स काढून राह्यलो!"

*

एका रविवारी भगवान मार्कोला भोकरदनला घेऊन गेल्ता. मी पण सोबत होतो. संध्याकाळी आम्ही तिघं आंघोळी करून, सेंट मारून मेन रोडवर निघालो. पहिल्या चकरेला लोकांनी रामराम केला. दुसऱ्या चकरेला दुकानदार बाहेर आले. तिसऱ्या चकरेला किराणावाले अण्णा आडवे आले, "काहून रे भगवान, पाव्हण्याचं काही हरवलं का?"

"न्हाई अण्णा, सहज."

सहज! आपल्यात धडधाकट माणूस सहज कुठं फिरतो का? चौथ्या चकरेला दहा-बारा जण माना खाली घालून रस्ता धुंडाळत होते. कुणी म्हणे अंगठी पडली, कुणी म्हणे पासपोर्ट. शेवटी एका काकांना खरंच एक चावी सापडली! ती मार्कोच्या मुठीत कोंबूनच त्यांनी त्याला सोडलं. बिचारा चावी घेऊन इटलीला गेला.

तरी चकरा काही बंद झाल्या न्हाईत. जालन्यात रोज सहाला भगवान अन् मार्को दोघं निघायचेच.

*

त्याच रविवारी भोकरदनला भगवानच्या आईनं, म्हणजे आमच्या मावशींनी, मार्कोला विचारलं होतं, "लगीन झालं का बाबा?"

"न्हाई."

"मंग जेवू कोण घालतं?"

"आई."

"धुणं?"

"आई."

मार्को बत्तीस वर्षांचा! मावशींनी लगेच त्याच्या आईला व्हिडिओ कॉल लावायला लावला. इकडून मराठी, तिकडून इटालियन, अर्धा तास दोघींनी लेकांच्या तक्रारी केल्या. एकीचा शब्द दुसरीला कळला न्हाई, पण कपाळाला हात मात्र दोघी बराबर एकाच वेळी मारत होत्या!

*

अन् मंग नववं स्थळ आलं, वडीगोद्रीचं.

जाधव साहेबांनी तीन दिवस भगवानची तयारी करून घेतली. "फावल्या वेळाचं विचारलं की सांगायचं, ऑनलाइन कोर्स, शेअर मार्केट, योगा. रिकामा आहे असं म्हणायचंच न्हाई! जग लय फास्ट झालंय."

निघताना मावशींनी मला बाजूला घेतलं. "भाऊ, हे जमलं न्हाई तर पुन्हा पोरगी पाहायला जाणार न्हाई म्हणतो. जरा सांभाळून घ्या."

भगवानसोबत साहेब अन् मी निघालो; मार्कोला कार्यक्रम पाहायचा होता, तो पण आला. पोहे झाले. पोरगी वैशाली, बीएस्सी झालेली, गावातच क्लास घेते. तिचे वडील म्हणले, "तुला काय विचारायचं ते विचार, बाई."

तिनं मान वर केली. "ड्युटी सुटल्यावर काय करता?"

साहेबांनी भगवानला कोपर मारलं. भगवाननं माझ्याकडं पाहिलं. मार्कोकडं पाहिलं. मार्को दुसरी प्लेट संपवून राह्यलेला.

"आंघोळ करतो," भगवान म्हणला. "चांगला शर्ट घालतो. मंग मोठ्या रस्त्यानं चकरा मारतो. काम काही नसतं."

साहेबांनी डोळेच मिटले. वडिलांची चहाची बशी तोंडाजवळ थांबली.

वैशालीनं हसू दाबत विचारलं, "एकटेच?"